माझ्या नावाचा तास

आमच्या मंडळीत कुणाच्याही घरी प्रार्थना असो, शेवटची प्रार्थना बाईंनीच करायची हे ठरूनच गेलं आहे. बाई म्हणजे मी. शाळेत मराठी शिकवत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी वर्ध्यातली आमची सगळी ख्रिस्ती मंडळी मला बाईच म्हणते. पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले, की माझ्या तोंडून असे काही शब्द निघतात की ऐकणाऱ्याचा गळा भरून यावा. ही फुशारकी नाही. म्हणजे आजवर होतीच फुशारकी, आता तिचीच लाज वाटते म्हणून सांगते आहे. कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, आजाऱ्यांचं नाव घेतलं की कोणत्या कोपऱ्यातून नाक ओढल्याचा आवाज येणार, सगळं मला पाठ. आणि आता लपवायचं तरी कशाला? मी डोळे पूर्ण मिटतच नाही. जरासे किलकिले ठेवते, कोण कोण रडतंय ते पाहायला.

आमच्यातच एक कंडक्टरीणबाई आहेत. एसटीत कंडक्टर होत्या, आर्वी-तळेगाव रूटवर उभा जन्म गेला. आता नालवाडीला मुलासुनेजवळ राहतात. आवाज असा, की त्या देवळाच्या फाटकात बोलल्या तर आत वेदीपाशी कळतं. गाणं सुरू झालं की सगळ्यांच्या एक ओळ पुढं पळतात आणि वर पेटी वाजवणाऱ्या काकांवरच डोळे वटारतात. पंख्याखालच्या जागेवरून भांडतात, बाहेर चपला नीट न ठेवणाऱ्या पोरांना झापतात. दर रविवारी कुणाशी ना कुणाशी वाजतंच त्यांचं.

आणि त्यांची प्रार्थना! मी ‘हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या’ म्हणून सुरुवात करून अजून पित्याच्या गुणांपर्यंतच पोचलेली असते, तेवढ्या वेळात त्यांची आमेन होऊन जाते. ‘‘देवा, नळाले पानी नाई चार दिसापासून. शेजारच्या म्हातारीचा गुडघा सुजला हाय, तिच्याकडे ध्यान दे. सुनेले सुबुद्धी दे, मले बी दे. आमेन.’’ बस, संपलं. पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, बायको आणि मी एकमेकींकडे पाहून ओठ दाबत असू. एकदा परत येताना मी ऑटोत म्हटलंसुद्धा, ‘‘प्रार्थना करतात का तिकीट फाडतात हो या?’’ पाळकीणबाई हसून हसून खोकलायला लागल्या. मलाही माझा विनोद फार आवडला. दोन-तीन घरी सांगितला मी तो.

गेल्या डिसेंबरात त्यांचा मुलगा तळेगावहून मोटारसायकलनं येत होता. तिथल्या बाजारात त्याचं चपलांचं दुकान आहे. रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं, गाडी घसरली आणि डोकं आपटलं. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, आयसीयूत ठेवलं. शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे उघडतो का ते पाहायचं, त्याआधी काही सांगता येत नाही. एकुलता एक मुलगा. बाप आधीच गेलेला.

अशा वेळी आमच्या मंडळीत साखळी लावतात. म्हणजे दिवसाचे चोवीस तास एकेकानं वाटून घ्यायचे. ज्याचा जो तास, त्या तासात त्यानं आपापल्या घरी गुडघ्यावर बसायचं आणि त्या एका आजाऱ्यासाठीच मागायचं. तास संपला की पुढच्याला फोन करायचा, ‘साखळी घ्या’ म्हणायचं. त्यानं ‘घेतली’ म्हटलं की मग आपण उठायचं. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, साखळी तुटू द्यायची नाही. मधल्या एखाद्याला झोप लागली तर काय, असं कुणी विचारत नाही. लोक गजर लावून उठतात, पण उठतात. निदान मी तरी तसंच समजत होते.

तास वाटताना मी लगेच दुपारचा दोन ते तीन मागून घेतला. पहाटेचा मला झेपत नाही म्हटलं, बीपीची गोळी चालू आहे. गोळी खरीच आहे. पण दोन ते तीन मागण्याचं कारण गोळी नव्हती. जेवण झालेलं असतं, भांडी घासून झालेली असतात, अंगावर काही येत नाही. माझ्या आधीचा एक ते दोन कंडक्टरीणबाईंनी स्वतःच घेतला होता. दवाखान्यात जिन्याखाली नातेवाईक डबे खायला बसतात ना, तिथं सतरंजी टाकून त्या बसत. दोन वाजता आयसीयूत एकाच माणसाला आत सोडत. रोज त्याच जात. सुनेलाही जाऊ देत नाहीत म्हणून मंडळीत थोडी कुजबुजही झाली होती, आणि त्या कुजबुजीतही मी होतेच.

पहिले दोन दिवस मी बसले. खोटं कशाला बोलू, पूर्ण तास नाही, पण बसले. तिसऱ्या दिवशी काय झालं, आदल्या संध्याकाळी त्याच मुलासाठी घरप्रार्थना होती आणि मी तिथं असताना माझ्या मालिकेचा भाग चुकला. तोच भाग दुपारी दोनला परत दाखवतात. घरी मी एकटीच. पुढ्यात ओल्या तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप, सोल्यांची, म्हणजे त्यातल्या ओल्या दाण्यांची, भाजी करायची होती. मी टीव्ही लावला. म्हटलं, सुरुवात तेवढी पाहते, नायिकेला ते पत्र मिळतं का तेवढं पाहते, मग बसते.

फोन वाजला. मी आवाज कमी केला, बंद नाही केला.

‘‘बाई, साखळी घ्या.’’

‘‘घेतली,’’ मी म्हटलं.

तिकडून एक क्षण काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी परत विचारलं, ‘‘घेतली ना?’’

‘‘अहो, घेतली म्हटलं ना,’’ मी जरा वैतागूनच बोलले. एकाच गोष्टीसाठी दोनदा विचारलेलं मला शाळेतसुद्धा खपत नसे.

पूर्ण भाग पाहिला मी. शेंगा सोलून झाल्या, टरफलं गाईसाठी बाजूला काढली. तीन वाजता गजर झाला, तेव्हा पुढच्या बाईंना फोन केला. आणि त्या वेळचा माझा आवाज अजून माझ्या कानात आहे. आताच गुडघ्यांवरून उठल्यासारखा, ओलसर, हळू. ‘‘साखळी घ्या, बहिणी. प्रभू ऐकतो आहे.’’ बाप रे! मला तो आवाज काढायला विचारही करावा लागला नाही, आपोआप निघाला.

संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर मेसेज आला. मुलानं डोळे उघडले. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, मीही टाकलं. दुपारी सव्वादोनच्या सुमारास उघडले, असं कुणीतरी लिहिलं, आणि खाली कुणीतरी विचारलं, तेव्हा कुणाचा तास होता? पाळकीणबाईंनी माझं नाव टाकलं आणि पुढं फुलं.

नाव वाचलं आणि दुपारचा टीव्ही आठवला. पण लगेच, आणि ही गोष्ट मला जास्त बोचते, लगेच मी स्वतःची समजूत घालायला लागले. शेंगा सोलताना मनात एकदा त्या पोराचा विचार आलाच होता की. बिचारं वाचायला हवं, असं वाटलंच होतं. तीही प्रार्थनाच झाली की नाही? देव काय गुडघे मोजतो का? रात्रीपर्यंत माझी जवळजवळ खात्रीच पटली होती, की माझं मनातल्या मनात मागणंही देवाकडं इतक्या लवकर पोचतं.

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. कंडक्टरीणबाई उठल्या. डोळे सुजलेले, साडी चुरगळलेली, थेट दवाखान्यातून आल्या होत्या. त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलल्या, ‘‘माह्या पोरानं डोये उघडले. सून आत गेलती, तिनं पाह्यलं. दोन ते तीनच्या मंधात उघडले. तो तास बाईचा होता. देवाची स्तुती असो.’’ आणि बसल्या.

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. त्या दिवशी सून कशी काय आत होती, आई कुठं होती, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी माझंच नाव होतं, दुसरं काही नव्हतं.

पाळकसाहेब म्हणाले, ‘‘बाई, समोर या. दोन शब्द बोला.’’

मी गेले. आणि देवाशप्पथ, म्हणजे आम्ही शपथ घेत नाही, पण खरंच सांगते, चालता चालता माझं ठरलं होतं की सांगून टाकायचं. सगळ्यांसमोर, आत्ताच. मी माईक धरला आणि म्हटलं, ‘‘या गौरवाला मी पात्र नाही.’’

‘‘आमेन!’’ मागून आलं.

‘‘नाही, खरंच पात्र नाही. मी पापी बाई आहे.’’

‘‘आमेन! हालेलूया!’’ पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला.

आता काय करता? आमच्यात हे वाक्य सगळेच म्हणतात. मीच म्हणत आले जन्मभर, दर प्रार्थनेत, सुरात. इतकं म्हटलं आहे की खरं बोलायला माझ्याकडे वेगळं वाक्यच उरलं नव्हतं. ‘मी टीव्ही पाहत होते’ एवढं साधं बोलायचं होतं. तेवढं तोंडून निघालं नाही. मी डोळे मिटले आणि जे येतं ते केलं. लांबलचक सुंदर प्रार्थना केली. या खेपेला डोळे किलकिले केले तर समोर कंडक्टरीणबाई दिसल्या. सगळे मान खाली घालून होते, त्या सरळ माझ्याकडे पाहत होत्या.

नाताळाच्या आधी मुलगा घरी आला. मी फराळाचं ताट घेऊन नालवाडीला गेले. करंज्या, अनारसे, चिवडा. जायला मन घेत नव्हतं, पण न गेलं तर लोक विचारतील, म्हणून गेले. हेही कारण कसलं!

मुलगा दिवाणावर बसला होता, डोक्यावरचे केस काढलेले, एका बाजूला टाके. हसला. अनारसा हातात घेऊन उजेडात धरून पाहिला लहान पोरासारखा. सून माझ्याजवळ येऊन बसली. तिला कुणाशी तरी बोलायचंच होतं. एवढ्या दिवसांचं साचलेलं.

‘‘बाई, त्या दिसाचं काय सांगू तुमाले,’’ ती म्हणाली. ‘‘आई मले कवाच आत जाऊ देत नव्हत्या. रोज त्याच. दोन वाजाची वाट पाहत राहत. त्या दिसी मले म्हणे, तू जाय. मी म्हटलं, काऊन? तब्येत बरी नाई का? तं म्हणे, बाईचा तास चालू झाला, मले बसा लागते. आता सांगा, बाईचा तास हाय तं बाई बसतीन ना? ह्या काऊन बसतीन? पन त्यायच्यासमोर बोलते कोन! मी आत गेली, आन पाचच मिनटात ह्यांनी डोये उघडले. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मंग म्हणे, ‘आई कोठी हाय?’ मी म्हटलं, खाली हाय जी. मंग परत मिटले.’’

ती हसत होती सांगताना. ‘‘आईले सांगतलं तं जिन्यातच बसल्या रडत. म्हणे, मले पाह्यचं होतं वं ते.’’

तेव्हा मला कळलं. त्या एका क्षणाच्या शांततेत, ‘घेतली’ आणि ‘घेतली ना’ यांच्या मध्ये, त्यांनी काय ऐकलं होतं ते मला कळलं.

मी स्वयंपाकघरात गेले. कंडक्टरीणबाई चहा गाळत होत्या.

‘‘टीव्ही ऐकू आला होता तुम्हाला,’’ मी म्हटलं.

त्यांनी गाळणी आपटून झटकली. ‘‘आला ना. काय बहिरी हाय का मी? कोनतं गानं चालू होतं ते बी सांगू शकते.’’

‘‘मग बोलल्या का नाहीत? फोनवरच झापायचं होतं मला.’’

‘‘काय झापू? तुमाले झापत बसली असती तं मंधात बसलं कोन असतं? साखळी तुटली असती.’’ मग जरा आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मानानं खाली, म्हणाल्या, ‘‘पह्यले मनात शिव्या देल्या तुमाले. लय देल्या. मंग म्हटलं, बाप्पा, आता ह्या शिव्यायची बी माफी मागा लागन. मागतली, आन बसली.’’

‘‘त्यानं ‘आई कुठं’ म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही खाली...’’

‘‘हो,’’ त्या म्हणाल्या. फक्त तेवढंच. कपात चहा ओतला, कडेला सांडला, तो त्यांनी बोटानं पुसला.

‘‘आणि मग साक्षीत माझं नाव? कशाला घेतलं?’’

‘‘खोटं काय बोलली मी? तास तुमचाच होता. त्या तासातच उघडले डोये. कोन बसलं होतं ते मी सांगतलंच नाई.’’ आणि मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘आन खरं सांगू बाई? राग बी होता मले. म्हटलं, भर मंडळीत नाव घेतलं का बाईले झोप नाई येत मंग. चांगलं नाई केलं ते मी. पन केलं.’’

मी म्हटलं, ‘‘मला माफ करा.’’ शाळेत मुलांकडून वदवून घ्यायचे तसं वाटलं ते मला, कोरडं. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘‘साखर पाहून घ्या, तुमाले कमी लागते ना.’’ माफ केलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

संक्रांतीनंतर पेटी वाजवणाऱ्या काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. परत साखळी. आता तास वाटायचं काम कंडक्टरीणबाईंनी अंगावर घेतलं होतं, फोन करकरून. मला वाटलं, मला त्या वगळतील. वगळावं असंही वाटत होतं आणि वगळलं तर काय तोंड दाखवू, असंही वाटत होतं. त्यांनी फोन केला आणि विचारलंसुद्धा नाही. ‘‘दोन ते तीन तुमचा. तुमच्या अगुदर मी हाय.’’ फोन बंद.

त्या दिवशी मी सकाळीच टीव्हीची वायर काढून ठेवली. स्वतःवर इतका भरवसाही उरला नव्हता. एकपासूनच खाटेच्या बाजूला चटई टाकून बसले. दोन वाजता फोन आला.

‘‘बाई, साखळी घ्या.’’

‘‘घेतली.’’

या वेळेस त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

मी गुडघे टेकले, पदर घेतला. ‘हे परमकृपाळू...’ म्हटलं, आणि माझाच आवाज मला ऐकू आला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी आवाज तसाच, घोटलेला. मला त्याची शिसारी आली. मी गप्प झाले. बाहेर गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. गुडघे दुखायला लागले. डोळे मिटले की पुन्हा पुन्हा तेच दिसत होतं. पोरगा डोळे उघडतो आहे, इकडं पाहतो आहे, तिकडं पाहतो आहे.

मग मी बोलले. देवासमोर मी कधी घरच्या बोलीत बोलले नव्हते. ते मला अडाणीपणाचं वाटायचं. ‘‘देवा,’’ मी म्हटलं, ‘‘त्यानं डोये उघडले तवा त्याची माय तिथं नव्हती. माह्यामुळं नव्हती. मी शेंगा सोलत होती. ते आता कोनालेच परत नाई देता येत, तुले बी नाई. मले काय मागा लागते तेच मले समजत नाई. काकाले वाचव. माह्या तासात त्यायले काही होऊ देऊ नको. माह्या तासात नको रे देवा.’’ मागताना कळत होतं की यातही मी स्वतःलाच वाचवते आहे. तरी मागत राहिले. रडणं आलं ते काही सुरात नव्हतं. तोंड वेडंवाकडं झालं असेल, नाकातलं ओठांवर आलं. पाहायला कुणी नव्हतं, म्हणून पुसलंही नाही.

फोन वाजला तेव्हा मी दचकले.

‘‘बाई! साडेतीन होऊन गेले! पुढची बाई केव्हाची फोनची वाट पाहून राह्यली. तोडली ना साखळी तुमी! काय करून राह्यल्या? झोपल्या का?’’

गजर मी लावलाच नव्हता. ‘‘नाई,’’ मी कसंबसं म्हटलं. ‘‘बसली हाय अजून.’’

तिकडे एकदम गप्प. टीव्ही ऐकू येतो का, ते ऐकत असाव्यात.

‘‘बसा मंग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिले मी सांगते.’’